डाग वाचावा, मग पुसावा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने लॉरीच्या चाकांवर निबंध लिहावा, ही गोष्ट काही वाचकांना विनोदी वाटण्याचा संभव आहे. आपल्या मराठी विभागात पावसाळ्यावर, आईवर किंवा परीक्षेच्या आदल्या रात्रीवर लिहिण्याची प्रथा आहे. कन्नड विभागातही याहून फारसे निराळे घडत नाही, हे दोन्ही विभाग वाचणारा या नात्याने मी साक्षीपुराव्यानिशी सांगू शकतो. परंतु गेल्या दसऱ्याला मी जे शिकलो ते ना पावसात शिकलो, ना परीक्षेत. ते मी एका काळ्या चाकापाशी उकिडवा बसून शिकलो. तेव्हा चाकावरच लिहिणे भाग आहे.

आमचे घर दोन भाषांचे आहे. वडिलांचे मूळ गाव उमरगा तालुक्यात, आईचे माहेर बीदरला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ही दोन्ही ठिकाणे आणि हे हैदराबाद शहर एकाच राज्यात होते. त्या दिवशी राज्याचे तीन वाटे झाले. आमच्या नातेवाइकांचे मात्र कुणाला करता आले नाहीत. मी शाळा मराठी माध्यमात केली, कन्नड आईच्या स्वयंपाकघरात शिकलो आणि दखनी रस्त्यावर.

धाकट्या काकांची एक सहा चाकी लॉरी आहे. तेच मालक, तेच ड्रायव्हर. इकडून किराणा माल घेऊन ते सोलापूरला जातात आणि येताना बहुधा कांदा आणतात. त्यांचा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५; जुनी माणसे त्याला अजून ‘नऊ नंबर’ म्हणतात. पुण्याहून निघालेला हा रस्ता सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद करीत हैदराबादेत शिरतो आणि पुढे विजयवाड्याकडे निघून जातो. काकांची लॉरी त्यामुळे एका फेरीत मराठी, कन्नड आणि तेलुगू अशी तीन भाषांची धूळ चाकांवर घेऊन येते. घरात मी तेवढा एकटाच बहुभाषिक आहे असे समजण्याचे कारण नाही.

टायर ज्या लोखंडी चकतीवर चढवतात तिला गॅरेजात ‘डिस्क’ म्हणतात. काकांच्या लॉरीच्या सहा आणि स्टेपनीची एक अशा सात डिस्का वर्षभरापूर्वी गंज खरवडून काळ्या रंगवून घेतल्या होत्या. हा काळा रंग दोन काळ्यांच्या मधला आहे. नव्या बुटासारखा चकाकणारा नव्हे आणि शाळेतल्या पाटीसारखा अगदी मठ्ठही नव्हे. पेंटर त्याला ‘सॅटिन’ म्हणतो आणि ते नाव शोभते. साटीनच्या कापडावर उजेड जसा सावकाश सरकतो तसा तो या रंगावरून सरकतो. काकांना या चाकांचा मोठा अभिमान. गाडीच्या मागे त्यांनी शेर लिहून घेतला नाही, आरशाला फुंदे लावले नाहीत. हौस म्हणाल तर एवढी एकच.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस काकांनी मला सांगितले, “नवमीला तुझी आई आयुधपूजा करणार, दशमीला मी झेंडू बांधणार, एकादशीला सोलापूरचे लोडिंग आहे. कॉलेजला सुट्टी आहे तर चाके धुऊन ठेव. नीट धू.” आमच्याकडे हत्यारे आणि वाहने यांची पूजा दोन दिवस चालते, नवमीला कन्नड पद्धतीने आणि दशमीला मराठी पद्धतीने. देवही बहुधा दोन्ही भाषा जाणत असावा.

लॉरी ऑटोनगरच्या आवारात उभी होती. विजयवाडा रस्त्यावर वनस्थळीपुरमच्या बाजूला हा भाग आहे. लॉऱ्यांची बॉडी, स्प्रिंगा, रेडिएटर, टायर, जे जे म्हणून मोडू शकते ते ते तेथे दुरुस्त होते. मी बादली, फडकी आणि आत्मविश्वास घेऊन पोहोचलो. चाकांची अवस्था पाहून तिसरी वस्तू थोडी कमी झाली. काळ्या रंगावर पांढरी वर्तुळे होती, तांबूस ठिपके होते, डांबराचे थेंब होते, एका हबभोवती तेलकट ओघळ होता. आणि मागच्या उजव्या बाहेरच्या चाकावर दोन शेजारच्या नटांपासून बाहेरच्या कडेकडे तपकिरी रेघा गेल्या होत्या. त्या मला फार कुरूप वाटल्या. याहून अधिक त्यांच्याबद्दल मी काही विचार केला नाही, हे आधीच कबूल करून ठेवतो.

साबणाच्या पाण्याने धूळ गेली, डाग जसेच्या तसे राहिले. दुपारचे बारा वाजलेले, लोखंड तापलेले. तेव्हा मी तो उद्योग केला जो पुस्तकी माणूस संकटात करतो. थोड्या ज्ञानाचा मोठा उपयोग केला. शाळेत शिकलो होतो की क्षार आम्लात विरघळतात. जवळच्या दुकानातून संडास साफ करण्याच्या अ‍ॅसिडची बाटली आणली आणि पुढच्या डाव्या डिस्कवर ओतली. पांढरी वर्तुळे फसफसून गेली खरी. पण तापलेल्या लोखंडावर अ‍ॅसिड वाळत गेले आणि जेथे जेथे वाळले तेथे तेथे काळा रंग राखेसारखा झाला. तो ‘डाग’ काढण्यासाठी तारेची घासणी घेतली. राखाडी रंग गेला आणि त्याखालचे लोखंड दिसू लागले. अर्ध्या तासात त्यावर तांबूस गंजही चढला. मग वाटले, पॉलिश केल्यास सगळे एकसारखे दिसेल. पॉलिशने उरलेला साटीनसारखा रंग जागोजाग आरशासारखा चमकू लागला. एका डिस्कवर आता चार रंग होते आणि त्यांपैकी एकही मूळचा नव्हता.

पुढे जे केले ते सांगायला संकोच वाटतो. संध्याकाळी बुटाच्या काळ्या पॉलिशच्या चार डब्या विकत घेतल्या आणि सातही डिस्का रंगवून टाकल्या. मागच्या उजव्या चाकावरच्या त्या तपकिरी रेघाही त्याखाली गडप झाल्या. दहा पावलांवर उभा राहून पाहिले; चाके नव्यासारखी दिसत होती. घरी येऊन आईला म्हणालो, चाके झाली. तिने विचारले, “कले होगलिल्लवा?” म्हणजे, डाग गेले नाहीत का? मी म्हणालो, गेले.

येथे एका शब्दावर थांबण्याची वाचकांनी मुभा द्यावी. कन्नडमध्ये डागाला ‘कले’ म्हणतात आणि चित्र, गायन इत्यादी कलेलाही ‘कले’च म्हणतात. लहानपणी मला या गोष्टीचे फार हसू येई. मराठीतला ‘डाग’ही साधा नाही. सोन्याचा दागिना म्हणजे डाग. ट्रान्सपोर्टच्या कचेरीत सामानाचा नग म्हणजेही डाग. ज्या शब्दात दागिना, माल आणि कलंक हे तिन्ही मावतात, त्या शब्दाच्या वाटेला जाताना जपून जावे, एवढे शहाणपण भाषा शिकवीत होती. मी शिकलो नव्हतो.

रात्री भुरभुर पाऊस झाला. नवमीच्या सकाळी आई, काका आणि मी ऑटोनगरला गेलो. गाडीत चढण्यापूर्वी चाकाला हात लावून तो कपाळाला लावण्याची काकांची सवय आहे. त्यांनी तसे केले आणि वळून पाहिले तो कपाळावर बोटभर रुंद काळा पट्टा! आईला हसू आवरेना. शेजारच्या टायरच्या दुकानातले उस्ताद, ज्यांच्या हाताखाली निम्म्या आवारातली चाके जातात, तेही हसत पुढे आले. त्यांनी चाकाला बोट लावले, वास घेतला आणि म्हणाले, “ये तो बूट पालिश है मियाँ! गाड़ी को सादी में ले जारै क्या?”

एवढ्यावर ही गोष्ट थांबली असती तर तिचा एक बरा विनोद झाला असता. उस्तादांनी रॉकेलचे फडके घेतले आणि सहज म्हणून चाके पुसत मागच्या बाजूला गेले. मागच्या उजव्या चाकापाशी त्यांचा हात थांबला. पॉलिशखालून त्या दोन तपकिरी रेघा वर आल्या होत्या. हसू त्यांच्या चेहऱ्यावरून गेले. “ये निशान किसने छुपाया?” त्यांनी विचारले.

मी म्हणालो, मी. आवाज माझाच होता, तरी मला तो ओळखू आला नाही.

उस्तादांनी पाना आणला आणि पहिल्या नटाला लावला. चाकाचा नट सोडवायचा म्हणजे पान्यावर उभे राहावे लागते, हे मी अनेकदा पाहिले आहे. हा नट चहात साखर ढवळावी इतक्या सहज फिरला. दुसराही तसाच. चाक उतरवले तेव्हा डिस्कच्या ज्या भोकांतून बोल्ट येतात त्यांतली दोन भोके गोल राहिली नव्हती. घासून घासून अंड्यासारखी लांबट झाली होती. एकादशीला या चाकावर भरलेली गाडी जाणार होती. कुणी काही बोलले नाही. आईने हातातले कुंकवाचे ताट बॉनेटवर ठेवले आणि काकांकडे पाहत उभी राहिली.

उस्तादांनी मग मला जवळ बसवून समजावले, आणि ते मी येथे माझ्या भाषेत देतो. नट घट्ट असेल तर तो आणि डिस्क मिळून एकच वस्तू असते. तो जरा सैल झाला की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला केसाएवढी हालचाल होते. त्या हालचालीत रंग घासला जातो, मग लोखंड घासले जाते, लोखंडाची पूड पडते, ती पावसाच्या पाण्यात गंजते आणि चाकाच्या गतीने बाहेरच्या बाजूला ओढली जाते. अशी ती रेघ तयार होते. म्हणजे ती घाण नव्हतीच. सैल नटाने आपल्या हाताने लिहिलेली ती तक्रार होती. नट सैल का झाला, तेही त्यांनी दाखवले. डिस्क रंगवताना नट बसण्याच्या जागेवरही रंगाचे जाड थर दिले गेले होते. त्या थरांवर नट आवळला. पुढे ओझ्याने आणि उष्णतेने थर चेपला, आणि जेवढा तो चेपला तेवढा नट ढिला पडला. ज्या सुंदर काळ्या रंगाचे आम्हाला कौतुक होते तोच नको त्या जागी बसून घात करीत होता. शेवटी उस्ताद म्हणाले, “दाग को पैले पढ़ना बेटा, बाद में मिटाना. बिना पढ़े मिटाना नक्को.”

काकांच्या रागाची मी वाट पाहत होतो. ते इतकेच म्हणाले, “चाक उजळ दिसावे म्हणून मी तुला सांगितले नव्हते. धू म्हणून सांगितले होते. धुताना माणूस चाकाच्या जवळ बसतो, त्याला सगळे दिसते. म्हणून दर वेळी मी स्वतः धुतो. या वेळी तुझ्यावर टाकले.” याहून त्यांनी मारले असते तर बरे झाले असते. कपाळावरचा काळा पट्टा त्यांनी अजून पुसला नव्हता.

ती डिस्क भंगारात गेली. सोलापूरचे लोडिंग दोन दिवस पुढे ढकलले. त्या दोन दिवसांत उस्तादांच्या देखरेखीखाली मी उरलेल्या सहा डिस्का साफ केल्या. त्यात जे समजले ते ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांना उपयोगी पडेल म्हणून देतो. स्कूटरच्या काळ्या चाकालाही यातले बरेच लागू आहे.

पहिली गोष्ट वेळेची. चाक थंड हवे आणि सावलीत हवे. तापलेल्या लोखंडावर कोणतेही औषध वाळते आणि स्वतःच डाग होऊन बसते. दुसरी गोष्ट पाण्याची. ब्रेकची धूळ कोरडी झटकू नये, फुंकू तर मुळीच नये, कारण ती छातीत जाते. आधी पाण्याने भिजवून खाली उतरवावी. मग गाड्यांचा सौम्य शाम्पू आणि मऊ ब्रश. बादल्या दोन ठेवाव्यात. एकीत साबण, दुसरीत ब्रश खळबळण्यासाठी साधे पाणी. नाहीतर एका चाकाची वाळू दुसऱ्या चाकावर घासली जाते.

एवढे झाल्यावर जे उरते तो खरा डाग, आणि प्रत्येक डागाचे कूळ वेगळे असते. पांढरी वर्तुळे बोअरच्या जड पाण्याची. पाणी उडून जाते, त्यातला चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात. त्यावर पाण्यात पातळ केलेला व्हिनेगर फडक्याने मिनिटभर लावून लगेच भरपूर पाण्याने धुवावा. म्हणजे आम्लाची माझी कल्पना चूक नव्हती. चूक त्याच्या जोराची होती. डिस्कभर पसरलेले बारीक तांबूस ठिपके म्हणजे ब्रेकच्या ड्रममधून झिजलेल्या लोखंडाचे कण. ते गरम असताना रंगाला चिकटतात आणि तेथेच गंजतात. त्यांच्यासाठी लोखंड विरघळवणारे एक द्रावण मिळते. ते लोखंडाला लागले की जांभळे होते आणि त्याचा वास सडक्या अंड्याची आठवण करून देतो. डांबराच्या थेंबाला रॉकेलचा बोळा क्षणभर टेकवावा, थेंब मऊ झाला की टिपून घ्यावा आणि मागोमाग शाम्पूने धुवावे. औषध कोणतेही असो, आधी डिस्कच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला लावून पाहावे. आणि दोन औषधे एकमेकांत कधीही मिसळू नयेत.

काही डाग मात्र धुण्यापूर्वी थांबून पाहण्याचे. नटापासून निघालेली गंजाची रेघ, हबमधून आलेला तेलाचा ओघळ, डिस्कच्या झरोक्याशी दिसणारी केसासारखी तांबडी रेषा. पहिली सैल नटाची खूण असू शकते, दुसरी गळणाऱ्या सीलची, तिसरी तडा गेल्याची. हे डाग मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुसू नयेत. आणि चाक काढून पुन्हा बसवले असेल तर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर उतरून नट पुन्हा आवळावेत.

आता शेवटचा प्रकार, जो डाग दिसतो पण डाग नसतो. स्वच्छ धुतलेल्या डिस्कवर राखाडी भाग उरला की ओले पांढरे फडके त्यावर हलके फिरवावे. फडके पांढरे राहिले तर वर काहीतरी बसलेले आहे, ते निघण्याची आशा आहे. फडक्यावर काळे आले तर समजावे की आपण डाग काढीत नसून रंग काढतो आहोत. उन्हाने किंवा अ‍ॅसिडने रंगाला धरून ठेवणारा पदार्थच मोडला आहे आणि रंगाची भुकटी सुटते आहे. तेथे हात थांबवावा. साटीनसारख्या रंगाला तर घासण्याचे पॉलिश मुळीच चालत नाही. त्याचा मंदपणा हा त्याच्या पृष्ठभागाच्या बारीक उंचसखलपणामुळे असतो. उजेड त्यावर पडून चहूकडे विखुरतो. पॉलिशने ते उंचवटे झिजतात आणि जागा चकाकू लागते. ती चकाकी पुन्हा मंद करता येत नाही. डिस्क नव्याने रंगवावी लागते. एखादी वस्तू फार उजळवूनही खराब होते, हे मला तेव्हा प्रथम कळले.

माझी पुढची डावी डिस्क या शेवटच्या प्रकारात गेली होती. तिला औषध नव्हते.

दसऱ्यानंतर आई मला घेऊन बीदरला गेली. आजोळी बैठकीच्या कोनाड्यात बिदरीची एक जुनी फुलदाणी आहे. बिदरीचे काम वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. २००६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. जस्ताच्या मोठ्या भागात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदी ठोकून बसवतात आणि मग बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागराच्या पाण्यात उकळून त्यात भांडे बुडवतात. त्या पाण्याने जस्ताचा धातू काळाभोर होतो आणि चांदी पांढरीच राहते. वरून तेल चोळले की काळा रंग आणखी खुलतो. म्हणजे ज्याला आपण इतर भांड्यांवर डाग म्हणून घासून काढू, तो येथे कारागिराने मुद्दाम आणलेला असतो. ‘कले’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एका भांड्यावर पाहायचे असतील तर बिदरी पाहावी.

मी फुलदाणी हातात घेऊन फिरवली तेव्हा भिंतीकडची बाजू दिसली. तिथला तळहाताएवढा भाग करडा पडलेला होता. मी काही विचारण्यापूर्वीच आई म्हणाली, “दहा वर्षांची होते. दिवाळीला तांब्यापितळेची भांडी घासायला दिली होती. ही काळी का म्हणून हिलाही चिंच आणि राख लावून घासली. मग भ्यायले आणि ती बाजू भिंतीकडे करून ठेवली.” अज्जा खुर्चीत बसून ऐकत होते. ते कन्नडमधून म्हणाले, “दुसऱ्या दिवशीच मला दिसले होते. वाटले, सांगेल कधीतरी.” आईने सांगायला पस्तीस वर्षे घेतली होती. ती ओशाळली, आणि मग दोघेही हसले. मला मात्र हसू आले नाही. मी बाहेर जाऊन काकांना फोन केला. उस्तादांसमोर मी एवढेच कबूल केले होते की पॉलिश मी लावले. पुढच्या डाव्या डिस्कवर अ‍ॅसिड मीच ओतले, तारेने मीच घासले, हे सांगायचे राहिले होते. ती उन्हाने गेली असा त्यांचा समज मी तसाच राहू दिला होता. काकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “बरे झाले सांगितलेस. ये, मग बघू.”

या वर्षी आम्हाला लेखापरीक्षण हा विषय आहे. हिशेबाच्या वहीत खाडाखोड करू नये; चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारून, तो वाचता येईल असा ठेवून, शेजारी बरोबर आकडा लिहावा आणि सही करावी, हा जुना नियम पहिल्याच तासाला शिकवला गेला. पूर्वी मी तो परीक्षेसाठी पाठ केला असता. आता १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे असा कायदा आहे. म्हणजे संगणकालाही खोडरबर वापरता येत नाही. ताळेबंद प्रत्यक्षाहून चांगला दिसावा म्हणून केलेल्या सजावटीचा धडा आला तेव्हा वर्गात आपल्याच शहरातल्या सत्यम कॉम्प्युटर्सचे उदाहरण निघाले. ७ जानेवारी २००९ रोजी त्या कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकेतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. सारा वर्ग आकड्याने थक्क झाला. मला चार डब्या बूट पॉलिश आठवले. आकडा फार लहान, पण जात तीच. दहा पावलांवरून दोन्ही गोष्टी नव्यासारख्या दिसत होत्या.

डाग नसलेले चाक मिळणार नाही. चालणाऱ्या चाकाला रस्ता लागणारच. तेव्हा डागाला न भिता त्याच्याजवळ बसावे आणि तीन प्रश्न विचारावेत, एवढेच मला या प्रकरणातून मिळाले: तू वरून आलास की आतून? तुझ्यामागे काही सैल झाले आहे काय? आणि तुला काढताना तुझ्याखालचे काही जाणार तर नाही ना? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘वरून’ आले तर शाम्पू आहे, व्हिनेगर आहे, धीर आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ आले तर आधी पाना घ्यावा, फडके नंतर. आणि तिसऱ्याचे उत्तर ‘होय’ आले तर तो डाग तसाच ठेवून, तो आपल्यामुळे पडला असेल तर तसे सांगून टाकावे.

पुढची डावी डिस्क काकांनी पुन्हा रंगवून घेतली नाही. लोखंड उघडे राहू नये म्हणून गंजाला अडवणारा तांबडा प्रायमर तेवढा मारला आणि ती स्टेपनीला लावली. काळ्या चाकांच्या गाडीखाली ते एक तांबूस-राखाडी चाक लटकताना दिसते. ‘हे असे का?’ म्हणून कुणी विचारले तर काका माझ्याकडे बोट दाखवतात, आणि मी सांगतो.

हल्ली लोडिंगच्या आदल्या संध्याकाळी चाके मीच धुतो. बॅटरी घेऊन प्रत्येक नटाभोवती पाहतो. परवा मागच्या डाव्या चाकावर एका नटापाशी तांबूस काहीतरी दिसले. पाना लावून पाहिला तर नट पक्का होता. फडके लावले तर लालसर पाणी आले. आईच्या पूजेतले कुंकू फटीत राहून गेले होते. तो डाग मी पुसला नाही.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष